नळी सरळ करणारे काका

वसराम आडे यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती भांडायला.

घाटंजीतल्या आमच्या शाळेत मी क्रीडा शिक्षिका होते. खो-खो, कबड्डी आणि लेझीम यांत माझं सुखाने चाललं होतं. पण मुलींना नेमबाजी शिकवली की शाळेचं नाव होतं, असं मुख्याध्यापकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं आणि पंधरा दिवसांत छर्ऱ्याच्या सहा बंदुका खोक्यांसकट माझ्या टेबलावर येऊन पडल्या. बंदुका स्वस्तातल्या होत्या आणि ते लपवायचा कुणी प्रयत्नही केला नव्हता. दस्त्याचं पॉलिश इतकं ताजं की हात तपकिरी व्हायचे. बंदूक हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. चाप ओढायला दोन बोटं लागायची आणि तो सुटला की आतली स्प्रिंग असा काही टणत्कार करायची, की मुली आधीच डोळे मिटून घ्यायला लागल्या. छर्रा कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. एकदा तो लक्ष्याच्या शेजारच्या घंटेवर बसला आणि चौथीच्या वर्गाला वाटलं, सुटी झाली.

‘बंदुका आडेंकडे द्या, ते जोर वाढवून देतात,’ असं गावात ज्याला विचारावं तो सांगत होता. मी शिपायाबरोबर ऑटोत घालून सहाही पाठवल्या. अर्ध्या तासात सहाही परत आल्या. सोबत निरोप होता, “आधी मॅडमले पाठवा, मंग बंदुका.”

म्हणून मी तणतणत गेले. बाजाराच्या मागे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला चिकटून पत्र्याची एक लांबट खोली होती. रुंदीला एक खाट मावेल एवढीच, पण लांबी चांगली दहा मीटर. पार शेवटी रुईच्या कचऱ्याने गच्च भरलेलं लाकडी खोकं आणि त्यावर चिकटवलेला कागद. अलीकडच्या टोकाला एक बाक आणि बाकावर गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पांढरा सदरा घातलेले, साठी ओलांडलेले आडे काका. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, “बसा. दहा मारा.”

“मी दुरुस्तीला आलेय काका, मारायला नाही.”

“डाक्टरकडे गेल्यावर जीभ दाखवता का नाई? मंग.”

बंदुकीची नळी टेकवायला त्यांनी तुरीच्या डाळीने भरलेली एक कापडी पिशवी पुढे सरकवली. मी दहा छर्रे मारले. मग त्याच बंदुकीने, त्याच पिशवीवर टेकवून, त्यांनी दहा मारले. दोन्ही कागद आणून शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या कागदावरची दहा भोकं तळहाताखाली झाकली जात होती. माझी दहा झाकायला वर्तमानपत्र लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर कागदावर भोकं सातच होती.

काकांनी कानामागची लाल पेन्सिल काढली. “हे पाहा. हा तळहात बंदुकीचा. बाकीचं तुमचं.” आणि माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘बं-मा’.

बं म्हणजे बंदूक, मा म्हणजे माणूस. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बंदुकीची अशी आधी परीक्षा व्हायची आणि कागदावर निकाल लागायचा. ‘बं’ आला तर ते बंदूक ठेवून घेत. ‘मा’ आला तर बंदुकीचा एक स्क्रूही न फिरवता माणसाला समोर बसवत आणि श्वास कधी सोडायचा, गाल कुठे टेकवायचा, चाप खेचायचा नाही तर दाबायचा कसा, हे शिकवून परत पाठवत. गावातली बरीच मोठी माणसं तिथून ‘मा’ घेऊन तोंड पाडून गेली होती. बं-मा हा त्यांच्या लेखी मधला मार्ग होता. मी क्रीडा शिक्षिका असल्यामुळे त्यांनी तेवढी सवलत दिली असावी, असं मी स्वतःची समजूत घालण्यासाठी धरून चालते.

मी भांडायला गेले होते, ते राहूनच गेलं. उलट पुढचे तीन आठवडे शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. सहा बंदुकांची कामं डोळ्यांदेखत व्हायची होती.

काका मूळचे जवळच्या तांड्यातले. तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडलं, पण काका रोज सकाळी सायकलने तिथेच येत राहिले. फक्त आता फाटकाच्या आत जायच्याऐवजी भिंतीच्या बाहेर बसायचे. कारखान्यातून त्यांनी एकच गोष्ट मागून आणली होती, सरकीपासून रुई सोडवणाऱ्या रोलरच्या झिजलेल्या चामडी चकत्यांचं पोतं. स्वस्त बंदुकीत पिस्टनच्या तोंडाला जो वायसर असतो तो सहा महिन्यांत दगडासारखा होतो आणि हवा बाजूने पळते. काका त्या चकत्यांतून नवा वायसर कापत, तेलात दोन दिवस बुडवून ठेवत आणि मग तो असा बसवत की पिस्टन अंगठ्याने ढकलला तरी उसासा टाकत खाली जावा. “आयुष्यभर कापूस सोलला या चामड्यानं,” ते म्हणायचे. “आता जरा हवा खाऊ द्या त्याले.”

आमची पहिली बंदूक उघडली तेव्हा आतून चमचाभर लोखंडाचा कीस निघाला. खुळखुळायचं ते हेच. नळकांड्याच्या आतल्या कडा इतक्या धारदार होत्या, की नवा वायसर बसवताना सोलून निघाला असता. स्प्रिंगची टोकं सपाट नव्हती, आणि सरळ जमिनीवर उभी केली की ती दारुड्यासारखी एका बाजूला कलायची. वर हे सगळं ट्रकच्या चाकाला घालतात तसल्या ग्रीसमध्ये बुडवलेलं. मी कारखानदाराच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. काकांना ते आवडलं नाही.

“स्वस्त बंदूक वाईट नसते, मॅडम. अर्धवट असते. ज्यानं बनवली त्याले घरी जाची घाई होती. लेकरं वाट पाहत असन त्याचे. आता त्याचं राह्यलेलं काम आपण करू.”

आणि खरंच, तेवढंच करायचे ते. केरोसीनमध्ये सगळं धुऊन काढायचं, पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून आतल्या कडा मऊ करायच्या, स्प्रिंगची टोकं दगडावर घासून सपाट करायची, ग्रीस काडीच्या टोकावर मावेल एवढंच लावायचं. गावाचा समज होता की ते जोर वाढवतात. ते जोर कमी करायचे. स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकायचे. बंदूक आता हिसका देत नसे, नुसती ‘ठप्प’ म्हणे आणि छर्रा गुपचूप जिथे जायचा तिथे जाई. “जोर कमी केला म्हणून लोकं मले शिव्या देते,” ते सांगायचे. “मंग नेम बसला की त्याईले वाटते जोर वाढला. मी कायले सांगू?”

सगळ्यात शेवटी स्क्रू. एवढ्या हिसक्यांनी ते ढिले होतात, म्हणून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर काका लाल नेलपॉलिशचा थेंब सोडत. ही बाटली ते दर बाजारच्या दिवशी बांगड्यांच्या दुकानातून स्वतः निवडून आणायचे, नखाला लावून, उजेडात धरून. दुकानदारीण पहिल्यांदा म्हणाली, “काकूसाठी काय?” तर हे म्हणाले, “नाई, बंदुकीसाठी.” त्यापेक्षा हो म्हणाले असते तर बरं झालं असतं. आडे म्हातारपणी कुणासाठी नेलपॉलिश नेतात, हा विषय घाटंजीला पुढे दोन महिने पुरला. काकूंनाही तो कळला होता. त्या नुसतं एवढंच म्हणाल्या की बाटली उरली तर घरी आणा.

तुरीच्या पिशवीवरही काकूंचा डोळा असायचा. पिशवी उन्हाळ्याच्या शेवटी बारीक व्हायची आणि नवी तूर आली की पुन्हा फुगायची. पावसाळ्यात नेम बसत नसेल तर काका म्हणायचे, “आमच्या घरी परवा वरण होतं.”

गजानन भोयरांची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. भोयरांचं शेत नाल्याकाठी, तूर पिकायला लागली की पोपटांचे थवे यायचे. त्यांना नेम नको होता, आवाज हवा होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी नळीत डिझेलचे चार थेंब टाकले. दाबलेली हवा तापते, डिझेल पेट घेतं आणि धाडकन बार होतो. पोपट उडाले. भोयर खूश. मग त्यांनी चाराचे दहा थेंब केले. तिसऱ्या दिवशी भोयर एक मिशी कमी घेऊन दुकानात आले. काकांनी बंदूक उघडली, वायसर चिमटीने बाहेर काढला. त्याचा भाजलेला पापड झाला होता.

“काका, थोडासा जोर वाढवून द्या ना, बाकी काई नाई,” भोयर म्हणाले.

काकांनी कागदही लावला नाही. सरळ भोयरांच्या हातावरच लाल पेन्सिलने ‘मा’ लिहिलं. “फटाके पायजे त दिवाळीलोक थांब. अन् दुसरी मिशी काढून टाक, वाईट दिसून राह्यली.”

आता मुख्य गोष्टीकडे येते. आडे काकांचं नाव होतं ते वाकडी नळी सरळ करण्यासाठी. स्वस्त बंदुकीची नळी पुष्कळदा कारखान्यातूनच केसभर वाकलेली असते, आणि केसभराचं दहा मीटरवर बोटभर होतं. दुकानासमोर कडुलिंबाचं एक झाड होतं. त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात काका गोणपाट गुंडाळून नळी अडकवत, उजव्या डोळ्याने तिच्यावरून लांबवर पाहत, मग पाय रोवून हळूच दाब देत. पुन्हा पाहत. पुन्हा दाब. ना कुठलं यंत्र, ना मोजपट्टी, सगळा हिशेब त्या एका डोळ्यात. यवतमाळहून लोक बंदुका घेऊन त्या झाडाखाली यायचे. आमच्या सहांपैकी दोन नळ्या त्यांनी अशाच सरळ केल्या होत्या आणि त्या वर्षी आमच्या मुलींचे दहाच्या दहा छर्रे कागदावर, त्यातले बरेचसे काळ्या गोलात बसायला लागले.

दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या दिवाळीनंतर काका चिडचिडे झाले. आधी समोरच्या शिंप्याने नवा दरवाजा बसवला, तर काका त्याच्याशी भांडले की चौकट वाकडी आहे. शिंप्याने गवंड्याला बोलावलं, गवंड्याने ओळंबा लावून दाखवला, काका म्हणाले तुझा ओळंबाही तसलाच. मग रस्त्यावरचा विजेचा नवा खांब त्यांना वाकलेला दिसला. त्याबद्दल त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, खाली पंधरा जणांच्या सह्याही घेतल्या. खांब सरळ होता. सह्या करणाऱ्यांनाही तो सरळ दिसत होता, पण काका म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मी पण सही केली होती.

त्याच सुमारास मी आमच्या बंदुका वर्षभराच्या साफसफाईला दिल्या. परत आल्या तेव्हा काका म्हणाले, “तिघींच्या नळ्या वाकल्या होत्या. पोट्टी बंदुका आपटते वाटते. सरळ करून देल्या.” मी मुलींना रागावले. आणि दुसऱ्या दिवशी त्या तीन बंदुकांचे छर्रे डावीकडे जायला लागले. थोडेथोडके नाही, कागद सोडून. नेम धरायची मागची खाच सरकवून सरकवून स्क्रू संपला तरी छर्रा डावीकडेच. आमची सगळ्यात चांगली नेमबाज अंकिता, आठवीतली, शांत पोरगी. ती चौथ्या नंबरची बंदूक खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, मी नाही. बंदूक.” मी तिलाही रागावले, कारण आडे काकांच्या हाताखालून आलेल्या बंदुकीला दोष द्यायची माझी प्राज्ञा नव्हती.

बंदुका पुन्हा दुकानात गेल्या, पुन्हा झाडाच्या बेचक्यात गेल्या, आणि आणखी वाईट होऊन आल्या. जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली होती. शेवटी चौथ्या नंबरची बंदूक घेऊन मी स्वतः गेले. या वेळीही भांडायलाच.

“काका, ही वाकडी आहे.”

“सरळ हाये.”

“मला दिसतेय ना वाकडी!”

“तुमाले दिसते? तीस वर्षं शाफ्ट लावले म्या जिनिंगमध्ये, अन् तुमाले दिसते?” ते उठलेच. “थांबा. दोरा लावून दाखवतो. ताणलेला दोरा कोनाच्या बापाचं आयकत नाई.”

त्यांनी शिवणाच्या पक्क्या दोऱ्याचं एक टोक नळीच्या तोंडाशी बांधलं, दुसरं मागच्या बाजूला, आणि ताणला. मग बंदूक दाराकडच्या उजेडात धरून उजवा डोळा लावला. मला लांबूनही दिसत होतं, दोरा सरळ होता आणि त्याच्याखाली नळी बाकदार होऊन मध्ये अंतर पडलं होतं.

“दोरा ढिला राह्यला,” काका म्हणाले. त्यांनी तो सोडून पुन्हा बांधला. पुन्हा पाहिलं. बोटाने छेडला, तो वाजला. तरी त्यांनी मान हलवली आणि आणखी ताणला. दोरा तुटला. दुसरा आणला. तो बांधताना त्यांचा हात घाईघाईने चालत होता, तसा मी कधी पाहिला नव्हता. पुन्हा डोळा लावला.

ताणलेला दोरा वाकडा असूच शकत नाही, हे त्या खोलीत त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी बंदूक मांडीवर ठेवली. उजव्या डोळ्यावर हात धरून डाव्या डोळ्याने पाहिलं. मग डाव्यावर हात धरून उजव्याने. मग मान वर करून दाराबाहेरच्या विजेच्या खांबाकडे तसंच, एकदा एका डोळ्याने, एकदा दुसऱ्याने.

“मॅडम,” ते म्हणाले, “नळी वाकडी हाये.”

“हो काका.”

“म्या वाकवली.”

भांडायची सगळी तयारी करून आले होते, ती तशीच राहिली. मी म्हटलं, होतं असं, त्यात काय. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवलेले परीक्षेचे कागद ते खाली काढत होते. दिवाळीपासून किती नळ्या हातून गेल्या ते मोजत होते. आमच्या तीन धरून अकरा निघाल्या.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या डोळ्याने आणि दोरा लावून त्यांनी आधी आमच्या तीन सरळ केल्या. आधी जे काम पाच मिनिटांचं होतं त्याला दुपार लागत होती. मग उरलेल्या आठ माणसांकडे जायचं ठरलं. लोकांना निरोप पाठवून बोलवा, असं मी सुचवलं. “चूक माह्यी, अन् पेट्रोल त्याईनं जाळाचं?” असं म्हणून ते सायकल काढायला लागले. त्या डोळ्याने सायकलवर सोडणं माझ्याच्याने होईना, म्हणून दोन रविवार माझ्या स्कूटरच्या मागे काका, त्यांच्या मांडीवर हत्यारांची पिशवी आणि गोणपाट, असे आम्ही तालुका फिरलो. प्रत्येक दारात ते एकच वाक्य बोलायचे, “तुमची बंदूक चांगली होती, म्या बिघडवली.” आणि जवळपास बेचक्याचं झाड कुठे आहे ते विचारायचे.

हे वाक्य ऐकून एखादा तरी चिडेल असं मला वाटलं होतं. तसं कुणी भेटलंच नाही. भोयर तर म्हणाले, “मले काई फरक नाई पडला, काका. आधीबी लागत नव्हता, आताबी नाई लागत.” एका घरी बंदूक माळ्यावर जी ठेवली होती ती कुणी काढलीच नव्हती, त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. सगळ्यात कहर झाला तो आठवडी बाजारातल्या फुगेवाल्याकडे. फुगे फोडायचा फळा लावून बसणारा हा इसम, त्याची बंदूक काकांनी वाकवल्यापासून त्याचा एकही फुगा फुटत नव्हता. काकांनी गुन्हा कबूल केला तसा तो हात जोडायला लागला.

“राहू द्या ना काका! भल्ला धंदा चालून राह्यला. लोकं चिडून चिडून पुन्हा मारते.”

“दे इकडं.”

“तुमच्या पाया पडतो.”

काकांनी बंदूक त्याच्या हातातून घेतली, बाजारातल्याच एका बाभळीच्या बेचक्यात अडकवली, दोरा लावला आणि अर्धा तास खपून सरळ केली. मग स्वतः डाव्या खांद्याला लावून एक छर्रा मारला. तो फुग्याला लागला नाही, फळ्यालाही लागला नाही. फुगेवाल्याच्या जिवात जीव आला. काकांचा चेहरा मात्र उतरला.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी आणि काकू त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी चौकटी छापलेला कागद समोर धरला आणि मधल्या रेघा कशा दिसतात ते विचारलं. काका म्हणाले, “छापणाऱ्याले नोकरीवरून काढा.” डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. इंजेक्शनांनी तो आणखी बिघडणं थांबेल, पण गेलेलं परत यायचं नाही. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “नळी सरळ होते डाक्टर, पडदा नाई होत?”

नाही होत, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मलाही तिथे थांबवेना.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लागली, ‘बंद आहे. बंदुका चांगल्या आहेत. माणूस दुरुस्तीत.’ मी जाऊन विचारलं, दोरा लावून कामं होतात ना आता, मग बंद कशाला? तर म्हणाले, दोऱ्याने नळी सरळ होते, पण बंदूक कशी मारते ते मारल्याशिवाय कळत नाही. स्वतः दहाचे दहा काळ्या गोलात मारता आल्याशिवाय दुसऱ्याची बंदूक उघडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. डाव्या डोळ्याने आणि डाव्या खांद्यावरून दहा. सदुसष्टाव्या वर्षी. मी त्यांना दहादा समजावलं, मग वैतागून ओरडलेही. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

आणि एका सोमवारी चार वाजता, मुलींचा सराव सुरू होताना, काका शाळेच्या मागच्या मैदानात हजर. खांद्यावर स्वतः कोरलेला, डाव्या गालासाठी उंच केलेला दस्ता असलेली बंदूक. मी खुर्ची मागवली. ते खुर्चीवर बसले नाहीत, नवशिक्या सातवीच्या मुलींच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मुलींना आधी हसू आलं, मग त्यांना सवय झाली. पन्नास वर्षांची खोड जाता जात नव्हती. बंदूक डाव्या खांद्याला, पण ऐन वेळी उघडायचा उजवा डोळा. अंकिता शेजारी उभी राहून सांगायची, “काका, डावा. डावा. तो नाही, दुसरा.” ते “हाव, हाव, बाई” म्हणायचे आणि पुन्हा उजवाच उघडायचे. पहिल्या आठवड्यात दहातला एकही कागदाला लागला नाही. मागच्या पोत्यांना मात्र भोकं पडली. दुसऱ्या महिन्यात तीन. मग पाच, मग पुन्हा दोन. त्या दिवशी ते कागद चुरगळून खिशात घालून निघून गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना आले.

मुलींची जिल्ह्याची स्पर्धा झाली, अंकिता दुसरी आली. जूनमध्ये संस्थेने माझी बदली उमरखेडच्या शाळेत केली. घाटंजीतल्या माझ्या शेवटच्या संध्याकाळी मी सगळ्यांना दहा-दहा छर्रे दिले. काका आपल्या पाळीने आले, डावा गाल दस्त्याला लावला, उजवा डोळा या वेळी आपसूक मिटलेलाच राहिला. दहा छर्ऱ्यांना त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. मागच्या मुली कंटाळून जमिनीवर बसल्या. मी स्वतः कागद आणायला गेले. काळ्या गोलात सात भोकं होती. उरलेली तीन गोलाच्या बाहेर, पण अगदी कडेला, एखाद्याने दुर्लक्ष करावं इतकी कडेला.

मला इतका आनंद झाला की मी पळतच आले. “काका, सात! झालं की! उद्या दुकान उघडा. मी निघायच्या आधी कुलूप काढलेलं बघते.”

त्यांनी कागद हातात घेतला, डाव्या डोळ्याजवळ नेला आणि ती तीन भोकं एकेक करून बोटाने चाचपली.

“सात म्हणजे तीन लोकाईच्या बंदुका वाकड्या गेल्या, मॅडम,” ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, बंदूक उचलली आणि पुन्हा जाऊन सातवीच्या मुलींच्या मागे, रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले.